पाच मिनिटांत पांढरे

माझी नोकरी काय होती असं कोणी विचारलं, तर खरं उत्तर असं : एक भलामोठा जबडा काखोटीला मारून शाळाशाळांतून हिंडणे. जबडा प्लास्टरचा, बिजागरीवर उघडणारा, त्यातली प्रत्येक दाढ लिंबाएवढी. सोबत त्याला शोभेलसा हातभर लांब ब्रश. कॉलेजची गाडी बंद पडली की तो मांडीवर घेऊन मी रिक्षाने जायची. रिक्षावाला आरशातून बघत राहायचा आणि दोन चौक गेल्यावर न राहवून विचारायचा, "मैडमजी, ये किसका है?" मी सांगायची, "मेरी सास का." पुढचा रस्ता शांततेत जायचा.

मी मूळची मिरजेची. यजमान विमा कंपनीत. त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा दोन-तीन वर्षं काढू आणि परत जाऊ, असं म्हणत आम्ही आदर्श नगरात बिऱ्हाड थाटलं. ते अजून हललेलं नाही. मुलगा इथेच वाढला आणि मराठी बोलतो ते हिंदीत विचार करून. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहितेय म्हटल्यावर म्हणाला, "आई, मतलब, दातांवर कोण वाचणार?" त्याचं चूक नाही. दात दुखायला लागेपर्यंत त्यांच्याविषयी कोणालाच काही ऐकायचं नसतं, हे माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण लग्नकार्यात लोक मला कोपऱ्यात घेऊन आ वासतात. मी हायजिनिस्ट. दात खरवडून साफ करणं आणि ते साफ कसे ठेवायचे हे शिकवणं, एवढंच माझं काम. इथल्या एका खासगी दंत महाविद्यालयात मी होते. त्या कॉलेजची एक गाडी आठवड्यातून काही दिवस जयपूरच्या आसपासच्या शाळांत जायची. शिकाऊ डॉक्टर पोरांची तोंडं तपासायचे आणि मी जबडा उघडून धडा द्यायची. ब्रश हिरडीला तिरका धरा, खालचे दात खालून वर, वरचे वरून खाली, बूटपॉलिश केल्यासारखं आडवं घासू नका, पेस्ट वाटाण्याएवढी घ्या आणि सकाळचं एकवेळ चुकलं तरी चालेल पण रात्रीचं चुकवू नका. पोरं हे सगळं धडाधड पाठ म्हणून दाखवायची. संध्याकाळी घरी जाऊन किती जणांनी केलं, हे कोणी विचारू नये.

एकदा बगरूला मला त्याचं उत्तर न विचारता मिळालं. बगरू म्हणजे कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणाऱ्यांचं गाव. तिथल्या शाळेत आम्ही प्रत्येक मुलाला एक ब्रश फुकट दिला होता, निळ्या दांडीचा, वर कॉलेजचं नाव. काही दिवसांनी साडीचं कापड बघायला म्हणून एका छपाईवाल्याच्या अंगणात गेले, तर डब्यात माझे ब्रश ओळीने उभे. घरातली बाई त्यातला एक घेऊन ठशाच्या नक्षीत अडकलेला रंग काढत बसली होती. मला ओळखून तिला मनापासून आनंद झाला. म्हणाली, "मैडमजी, बहुत बढ़िया ब्रश दिए आपने. बारीक से बारीक बेल में घुस जाता है. और मिलेंगे क्या?" मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मी हा किस्सा रंगवून सांगत आले आणि लोक पोट धरून हसत आले. मीही हसायची. पण त्या बाईचं काही चुकत नव्हतं. ठसा घराला जेवू घालतो, पोराचा दात काय देतो? ज्या गोष्टीचा उपयोग दिसतो तिचीच निगा राखली जाते, आणि दाताचा उपयोग दिसेल असं शिकवणं मला काही जमलं नाही.

बगरूची गोष्ट हसून सांगता येते. आता जी सांगते ती मंडळात कधी सांगितली नाही.

आग्रा रस्त्यावर बस्सी ओलांडून आत वळलं की एक गाव लागतं. नाव नको. तिथल्या शाळेत आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पोरांना तोंड उघडायला सांगितलं आणि आमचे शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. रोज चहा पिऊन नीट न विसळलेल्या कपासारखे दात. कोणाचे पिवळे, कोणाचे तपकिरी, कोणाच्या दातांवर आडवे पट्टे. त्यांच्यातला एक दिल्लीचा मुलगा नाक मुरडून म्हणाला, "यहाँ कोई ब्रश ही नहीं करता." मी त्याला बाहेर नेऊन हातपंप दाखवला.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पेस्टच्या जाहिरातीत ज्याचं कौतुक असतं ते फ्लोराइड जमिनीतल्या पाण्यातही असतं. थोडं असलं तर दाताला चांगलं. पण राजस्थानात पुष्कळ ठिकाणी ते फार असतं, आणि तसलं पाणी पिऊन मूल वाढलं की हिरडीच्या आत तयार होत असलेले पक्के दात डागाळूनच बाहेर येतात. तो मळ नव्हे. तो दाताच्या अंगातला रंग आहे, आणि ब्रशने तो जन्मात जाणार नाही. अशा गावात ब्रश कसा धरावा हे शिकवायला मी गेले होते.

तरी शिकवलं. आमच्याकडे एक लाल रंगाची गोळी असायची. मुलांनी ती चावून चूळ भरायची. जिथे घाण राहिली असेल तिथे लाल रंग चिकटून राहतो, साफ जागी राहत नाही. पोरांना तो खेळ वाटतो. त्या दिवशी सातवीचा सगळा वर्ग एकमेकांची लाल तोंडं बघून खिदळत होता. फक्त एक मुलगी तोंडावर हात धरून बसली होती. तिचा हात बाजूला केला तर लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही. दात तपकिरी, पण कीड नाही, हिरड्या घट्ट आणि गुलाबी. इतकं निगुतीने घासलेलं तोंड मी जयपूरच्या बड्या इंग्रजी शाळांतही पाहिलं नव्हतं. नाव सुगना.

शेवटी आम्ही एक बक्षीस द्यायचो, सगळ्यात चांगल्या दातांना. मी सुगनाचं नाव पुकारलं तेव्हा वर्ग हसला. बक्षीस द्यायला आलेले गावचे पुढारी माझ्या कानाशी लागले, "मैडम, कोई और बच्ची देख लो, फोटो खिंचनी है." मी म्हटलं, बक्षीस तिचंच आहे. फोटोत ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. आम्ही निघताना मात्र गाडीपर्यंत आली आणि विचारलं, "मैडम, सबसे साफ मेरे हैं तो पीले क्यों हैं?"

मी तिला पाण्याचं सगळं खरं खरं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो फिर मैं घिसती क्यों हूँ?"

हिरड्यांसाठी, कीड लागू नये म्हणून, असं बरंच काही मी बोलले. तिने मान डोलावली, मोठ्यांचा मान राखायला डोलावतात तशी.

पुढे दरवर्षी त्या शाळेत जाणं झालं. लांबच्या धरणाचं पाणी येणार, येणार, असं दरवर्षी ऐकलं. एकदा नळसुद्धा उभे राहिलेले दिसले, कोरडे. पाणी आलं असतं तरी ते पाळण्यातल्या पोरांच्या कामाचं, सुगनाचे दात तर कधीच येऊन गेले होते. आमच्या 'स्वच्छ दात' भाषणांचा एक परिणाम मात्र पक्का दिसायचा. पोरी जास्त जोरात घासायला लागल्या होत्या. विटेची पूड, राख, वाळू, जे हाताला लागेल ते. मी आमच्या विभागप्रमुखांना म्हटलं, या गावात हे भाषण देणं बंद करू या, इथे आधी पाण्याचं बोलू या. ते म्हणाले, पाणी आपलं खातं नाही. गाडीवर जो धडा लिहिलाय तोच द्यायचा होता.

सुगना बारावीत असताना तिची आई, रामप्यारी, मला भेटायला शाळेत आली. दाराशी बसली आणि घूंघट किंचित वर करून ढूंढाडीत, म्हणजे इकडच्या बोलीत, बोलायला लागली, "काँई करां मैडमजी. देखबाळा आवै छै, छोरी नै कह्वै छै, हँस'र दिखा." मुलीला बघायला येणारे तिला हसून दाखवायला सांगतात. दोन ठिकाणांहून नकार आला होता. दात असे, म्हणजे हाडंही तशीच असणार, पुढे कामाला उपयोगाची नाही, असं ते म्हणाले होते. आजूबाजूच्या गावांत दात बघून ओळखतात, ही त्या गावची. तिसरं स्थळ वसंत पंचमीच्या सुमारास येणार होतं. सुगना बाजूला उभी होती.

मला एकदम हुरूप आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे असं काही मागत होतं जे खरोखर करता येण्याजोगं होतं. अशा दातांवर इलाज आहे. वरचा डागाळलेला पातळ थर जपून घासायचा आणि पुढच्या दातांवर दाताच्याच रंगाचा लेप बसवायचा. काम नाजूक, दोन-चार खेपांचं, आणि बाहेर केलं तर या लोकांना झेपणारं नाही. मी विभागप्रमुखांच्या मागे लागले. विद्यार्थ्यांना शिकायला चांगली केस मिळेल, या एका मुद्द्यावर ते फुकट करायला तयार झाले. रामप्यारी मुलीला बसने घेऊन आली. फोटो काढले, दातांचे ठसे घेतले. खुर्चीत बसलेल्या सुगनाने आरसा मागून घेतला आणि बराच वेळ त्यात बघत राहिली. घरी आल्यावर मी यजमानांना म्हटलं, या नोकरीत एक तरी काम तडीला जाणार बरं का. त्यांनी माझ्यासाठी चहा केला, यावरून माझा आनंद किती दिसत असेल ते समजा.

पुढची तारीख मिळाली आणि पुढे गेली. कॉलेजच्या परीक्षा लागल्या. ज्या विद्यार्थ्याला केस दिली होती त्याची दुसऱ्या विभागात बदली झाली. नव्याला ठसे सापडेनात. मी रोज त्या दाराशी उभी. "हो जाएगा, मैडम, दाँत कहीं भागे जा रहे हैं?" हे मला इतक्या वेळा ऐकवलं गेलं की शेवटी मी सुगनाच्या शाळेच्या हेडमास्तरांना फोन केला. म्हटलं, त्या मायलेकींना सांगा, थोडी कळ काढा, मी करून देते, आणि तोवर दातांना दुसरं काही लावू नका. ते म्हणाले, "आप निश्चिंत रहिए."

वसंत पंचमीला थोडे दिवस राहिले असताना त्यांचाच फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता. "मैडम, कल आ जाइए. आपकी इतने बरस की मेहनत रंग लाई है. सुगना के दाँत मोती जैसे हो गए!" मला वाटलं, माझ्या पाठीमागे कॉलेजने काम उरकलं की काय. इतकी मी खुळी.

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकातून आत शिरली तर व्हरांड्यात मोठ्या वर्गांतल्या मुली ओळीने उभ्या, आणि सगळ्या हसत होत्या. पुढे सुगना. त्या गावात मी हसणाऱ्या मुलींची ओळ कधीच पाहिली नव्हती. आणि दात पांढरे. मोत्यासारखे नव्हेत. चुन्याने सारवलेल्या भिंतीसारखे, निस्तेज, कोरडे पांढरे. मला गाडीतून उतरवेना.

झालं होतं ते असं. शेजारच्या गावच्या जत्रेत एक माणूस रस्त्यावर कापड पसरून बसायचा. काडीला कापूस गुंडाळायचा, बाटलीत बुडवायचा, दातांवर फिरवायचा, चूळ भरायला लावायचा. पाच मिनिटांत पांढरे. बाटलीत पातळ केलेलं तेजाब, म्हणजे ॲसिड. ते डाग घेऊन जातं हे खरं, पण त्याच्याबरोबर दाताचं कवचही घेऊन जातं. हाडं मोडली तर सांधतात, कातडी फाटली तर भरून येते, दाताचं कवच एकदा गेलं की पुन्हा येत नाही. आधी सुगना गेली. तिचे बघून बाकीच्या गेल्या. ज्या तोंडात कीड नव्हती, ज्या दातांना फक्त रंग होता आणि बाकी सगळं ठणठणीत होतं, ते तोंड.

नंतर मी त्या माणसाला शोधून काढलं. मध्यम वयाचा, स्वच्छ कपड्यांतला, बोलायला अदबशीर. मी भांडायलाच गेले होते. त्याने मला बसायला गोणपाट दिलं आणि म्हणाला, "बहनजी, लोग आपके पास भी आते हैं, मेरे पास भी. आप बताती हो क्या करना चाहिए. मैं कर देता हूँ." चौकीवर तक्रार दिली. पुढच्या जत्रेत तो तिथे नव्हता. दुसऱ्या गावच्या जत्रेत होता.

त्या दिवशी व्हरांड्यात हेडमास्तरांनी मला हार घातला. भाषण केलं की या मैडमनी वर्षानुवर्षं येऊन आमच्या मुलींना शिकवलं आणि आज त्याचं फळ दिसतंय. मला मध्येच उठून सांगायचं होतं. मी उठलेही. म्हटलं, मुलींनो, हे तेजाब आहे, पुन्हा कोणी जाऊ नका, घरी सांगा. मुली हसतच ऐकत होत्या. हेडमास्तर हळूच म्हणाले, "मैडम, आज शुभ बोलिए." आमच्याबरोबर आलेल्या कॉलेजच्या माणसाने त्या ओळीचा फोटो काढला. तो लावू नका म्हणून मी विभागप्रमुखांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ते म्हणाले, फलक छापून झालाय. कॉलेजच्या फाटकाशी तो अजून आहे, 'आमचे कार्य' अशा अक्षरांखाली. निवृत्तीच्या दिवशी मी त्याच्याखालून बाहेर पडले.

कार्यक्रम संपल्यावर मी सुगनाला शाळेमागच्या खेजडीच्या झाडाखाली घेऊन गेले. तोंड उघडायला सांगितलं. दातांच्या कडा आताच खडबडीत लागत होत्या. तिला गार पाणी प्यायला दिलं तर एका घोटात डोळे मिटले आणि गाल धरला. मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि तिला पोटाशीही धरायचं होतं. मी दोन्हींतलं काही केलं नाही. फक्त विचारलं, थांबली का नाहीस, मी म्हटलं होतं ना, मी करून देते?

"आपकी तारीख आगे जा रही थी, मैडम," ती म्हणाली, "उनकी नहीं जा रही थी."

मी सवयीने समजावत बसले. कवच म्हणजे काय, ते परत कसं येत नाही, आता कॉलेजात आणून लगेच काहीतरी झाकण बसवून घेऊ, आंबट खाऊ नकोस. ती ऐकत होती, सातवीत ऐकायची तशीच, मान राखून. मग तिने विचारलं, "कितने दिन चलेंगे ये?"

माझ्याने खोटं बोलवेना. म्हटलं, "एक बरस. बहुत हुआ तो दो. फिर काले पड़ेंगे, टूटने लगेंगे. बहुत दुखेंगे, सुगना."

तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. ती हसली, अगदी मोकळी, सगळे दात दाखवून. एखादी साधी गोष्ट मला कळत नसावी आणि ती प्रेमाने समजवावी, अशा आवाजात म्हणाली, "दो बरस का मैं क्या करूँगी, मैडमजी? हँसकर तो एक ही दिन दिखाना है. उसके बाद तो घूँघट है."